बेंगळूर नेमकं किती लांब? अंतर, वेग आणि तिकिटावरच्या वेळेचा हिशेब

आमच्या मामांचं शेत बेळगावजवळ मुतग्याच्या शिवारात आहे. बांधावर उभं राहिलं की बेळगावचा विमानतळ जिथं आहे त्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उठलेलं विमान सहज दिसतं. आषाढात मामांच्या बेंगळूरच्या नातवाचं बारसं ठरलं, तसा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानाचा हिशेब मांडला. मला शेतातच बोलावून घेतलं, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "बाळ, हे बघ की. विमानानं बेंगळूर ४४५ किलोमीटर दाखवतंय. विमान तासाला आठशेच्या वर जातंय म्हणतात. म्हणजे अर्ध्या तासात पोचायला पाहिजे, होय की न्हाई? मग तिकिटावर एक तास वीस मिनिटं कशाला लिवलंय? आणि गाडीनं जायचं म्हटलं तर हाच फोन ५०५ सांगतोय, रेल्वेवाले ६१० सांगतात. बेंगळूर एकच हाय, मग आकडे तीन कसे?"

मी इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. बेळगावात तो आता बऱ्याच जणांना पडतो. ऑक्टोबर २०२३ पासून दिल्लीला मोठं विमान थेट जाऊ लागलं, ऑगस्ट २०२५ मध्ये बेळगाव–बेंगळूर वंदे भारत सुरू झाली. अशी बातमी आली की तिच्याबरोबर किलोमीटरचे आणि तासांचे आकडे येतात, आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून माणसं दवाखान्याची, मुलाखतीची, परीक्षेची वेळ गाठायला निघतात. आकडा समजून घ्यायला चुकलं तर भाडं वाया जातं आणि कधी वेळही हुकते. म्हणून मामांना बांधावर बसून जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहितो.

तीन आकडे, तिन्ही खरे

वाट ठरवल्याशिवाय अंतर सांगता येत नाही. मामांच्या घरापासून शेत किती लांब? बैलगाडी नेली तर गाडीवाटेचं एक अंतर, बांधावरून तिरकं गेलं तर दुसरं, आणि कावळा उडत गेला तर तिसरं. बेंगळूरचंही तसंच आहे.

५०५ हे महामार्गाचं अंतर. कित्तूर, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत रस्ता जातो. गावांना धरून जायचं म्हणजे थोडं वळण आलंच.

६१० हे रेल्वेचं. आपली रेल्वे बेंगळूरला जायला निघते ती आधी खानापूरकडं, लोंढ्याच्या जंगलात उतरते आणि तिथून वळून अळणावरमार्गे धारवाड गाठते. नुसत्या बेळगाव–धारवाड टप्प्यासाठी १२१ किलोमीटर जातात. कित्तूरवरून थेट धारवाडला जाणारा जो नवा मार्ग मंजूर झालाय, तो ७३ किलोमीटरचा आहे. म्हणजे प्रवासाच्या सुरुवातीलाच आपण पन्नासेक किलोमीटरचा वळसा घालतो. या भागातले लोक त्या मार्गासाठी का तळमळतात, ते या एका वजाबाकीतून कळतं.

आणि ४४५ ही कावळ्याची वाट. तिलाच हवाई अंतर म्हणतात.

रस्त्याचं अंतर आणि हवाई अंतर यांत किती फरक आहे, यावरून मधली जमीन कशी आहे हेही कळतं. बेळगावहून पणजी सरळ रेषेत जेमतेम ८२ किलोमीटर आहे, पण जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गाडीनं गेलं तर १२० च्या वर जातं. जवळजवळ दीडपट! सह्याद्रीचा कडा उतरायचा तर रस्त्याला वेटोळी घालावीच लागतात. बेंगळूरला तो फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास राहतो, कारण सगळा रस्ता पठारावरून जातो.

कावळ्याची वाट कागदावर मोजता येते

पृथ्वीवर दक्षिणोत्तर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हे कुठंही जवळपास सारखंच. पूर्व-पश्चिम अंश मात्र विषुववृत्ताकडून ध्रुवाकडं लहान होत जातो. मोसंबीच्या फोडी मधोमध रुंद आणि देठाशी निमुळत्या असतात, तसं. बेळगाव ते बेंगळूर या पट्ट्यात तो सुमारे १०७.५ किलोमीटर भरतो.

आता सांबऱ्याचा विमानतळ १५.८६ अंश उत्तर आणि ७४.६२ अंश पूर्वेला आहे. बेंगळूरचा देवनहळ्ळीचा विमानतळ १३.२० उत्तर, ७७.७१ पूर्व. दोघांत उत्तर-दक्षिण फरक २.६६ अंशांचा, म्हणजे २९५ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ३.०९ अंशांचा, म्हणजे ३३२ किलोमीटर. हे एका चौकोनी शेताचे दोन बांध समजा. आपल्याला एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं जायचंय. २९५ चा वर्ग आणि ३३२ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ४४४ येतं. फोनमधला आकडा आणि आपला आकडा यांत एका किलोमीटरचा फरक! शाळेत शिकलेलं पायथागोरसचं प्रमेय कुठं उपयोगी पडतं असं विचारणाऱ्या मुलांना मी हे गणित नेहमी घालतो.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हेच गणित विमानतळाऐवजी दोन शहरांच्या मध्यभागाचे आकडे घेऊन केलं तर ४६० च्या आसपास येतं, कारण देवनहळ्ळी बेंगळूरच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर आहे. म्हणून दोन ठिकाणी दोन हवाई अंतरं दिसली तर गोंधळून जाऊ नका. कुठून कुठपर्यंत मोजलंय एवढंच बघा.

लांबच्या प्रवासाला मात्र हे सपाट शेताचं गणित चालत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाची वाट नकाशावर उत्तरेकडं फुगलेली कमान दिसते आणि लोकांना वाटतं, उगाच वळसा घालतायत. घरातल्या मुलाचा मोठा चेंडू घ्या, त्यावर दोन खुणा करा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा हीच सगळ्यांत जवळची वाट असते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ती वाट वाकडी दिसू लागते. वाकतो तो कागदावरचा नकाशा, विमान आपल्या जवळच्याच वाटेनं जात असतं. बेळगाव–बेंगळूर इतक्या जवळच्या गावांना हा फरक जाणवतच नाही.

मग भागाकार चुकतो कुठं?

तवंदी घाटात ट्रक थांबला की क्लीनर खाली उडी मारून चाकाला दगड लावतो, निघताना काढतो. विमानाच्या चाकांनाही असेच ठोकळे लावतात. ठोकळे निघून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि मुक्कामी थांबून पुन्हा ठोकळे लागले की घड्याळ बंद. या सगळ्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेली वेळ ती हीच. हवेत किती वेळ असणार, हे तिकिटावर नसतंच.

या एक तास वीस मिनिटांत काय काय येतं? सांबऱ्याला विमानतळ लहान, गर्दी कमी, म्हणून धावपट्टीच्या टोकाशी पोचायला पाच-सात मिनिटं पुरतात. देवनहळ्ळीला उतरल्यावर जमिनीवरून फिरत जागेवर जायला दहा-बारा मिनिटं सहज जातात. आणि मधल्या हवेतल्या वेळेतही विमान सगळा वेळ पूर्ण वेगानं जात नाही. १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरपेक्षा जास्त वेग ठेवायचा नाही, असा नियम आहे. (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. वैमानिक याच मापात बोलतात. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग सागरी मैलाएवढा होतो.) गाव लागलं की रस्त्यावर गतिरोधक येतात, तसंच हे. उठताना आणि उतरताना वेग आवरावाच लागतो.

यात मला स्वतःला सगळ्यांत नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारं मोठं जेट विमान उतरायचं ठिकाण सुमारे २०० किलोमीटर लांब असतानाच खाली यायला लागतं. वर चढायलाही त्याला जवळपास तेवढंच अंतर लागतं. ४४५ किलोमीटरच्या वाटेत चढण्यात दोनशे गेले, उतरण्यात दोनशे गेले, तर ज्या आठशेच्या वरच्या, समजा ८३० च्या, वेगावर मामांनी भागाकार केला, त्या वेगानं जायला शिल्लक किती राहिलं? जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. म्हणून जवळच्या प्रवासाला वैमानिक एवढं उंच जातच नाहीत, मधल्याच उंचीवरून जातात.

शिवाय विमान कुठलं, हेही बघावं लागतं. सांबऱ्याला पंख्यांची एटीआर विमानं येतात, सत्तर-ऐंशी माणसांची. त्यांचा वेग ताशी ५०० च्या आसपास असतो. बेंगळूरसारख्या अंतराला जेट आणि एटीआर यांच्या वेळेत फरक पडतो पंधरा-वीस मिनिटांचा. दिल्लीला मात्र हाच फरक तासावर जाईल. सांबरा ते दिल्ली हवाई अंतर आहे सुमारे १,४३५ किलोमीटर. तिथं जेटला पूर्ण वेगानं जायला भरपूर वाट मिळते, म्हणून अंतर तिपटीहून जास्त असूनही वेळ मात्र दुपटीच्या आतच, सव्वादोन-अडीच तासांत राहते. लांबच्या वाटेवर विमान आपले पैसे वसूल करून देतं, ते असं.

वारा: मामांनी न शिकता पाहिलेली गोष्ट

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "एक इचारू? पावसाळ्यात विमान आमच्या बाजूला उठतंय. दिवाळीनंतर बघितलं तर आमच्या बाजूनं उतरतंय. असं का?"

मला फार आनंद झाला. पुस्तक न वाचता त्यांनी वाऱ्याचा अख्खा धडा बांधावरून पाहिला होता.

विमान वाऱ्याकडं तोंड करून उठतं आणि वाऱ्याकडं तोंड करूनच उतरतं. पतंग उडवणारं पोर वाऱ्याच्या उलट दिशेला पळतं, कारण कागदाखाली हवा भरली तरच पतंग उचलतो. पंखांचंही तसंच. समोरून वारा असला की कमी धावून उचल मिळते. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर लांब आहे आणि तिच्या दोन टोकांवर ०८ आणि २६ असे आकडे रंगवलेत. पुढं एक शून्य लावून वाचा. ८० अंश म्हणजे साधारण पूर्वेकडं तोंड, २६० म्हणजे साधारण पश्चिमेकडं. आषाढ-श्रावणात वारा अरबी समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून विमान पश्चिमेला तोंड करून उठतं, म्हणजे मुतग्याच्या, बेळगावच्या बाजूला. उतरताना ते पूर्वेकडून, मारिहाळच्या बाजूनं येतं. हिवाळ्यात वारा पूर्वेचा झाला की सगळं उलट.

याचा वेळेवर परिणाम होतो. पावसाळ्यात बेंगळूरहून येणारं विमान मारिहाळच्या बाजूनं जवळजवळ सरळ येऊन टेकतं. मुंबईहून येणाऱ्याला मात्र सांबरा ओलांडून पूर्वेला जाऊन, वळून मग उतरावं लागतं. गाव खाली दिसतंय आणि विमान पुढं निघालंय असं वाटून आतली माणसं घाबरतात. घाबरायचं कारण नाही, ते वाऱ्याकडं तोंड करायला चाललेलं असतं.

वाटेतल्या वाऱ्याचं गणित याहून मोठं. कृष्णेला पाणी असताना नाव प्रवाहाबरोबर सोडली तर भरकन जाते, उलट आणायची तर नावाड्याचा घाम निघतो. नावेचा पाण्यातला वेग तोच, पण काठावरून बघणाऱ्याला तो वेगळा दिसतो. विमान हवेच्या प्रवाहातली नावच आहे. समजा एटीआरचा हवेतला वेग ५०० आहे आणि पश्चिमेचा वारा ६० चा आहे. हैदराबाद इथून पूर्वेला, ४३४ किलोमीटर. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ५६०, वेळ साडेशेहेचाळीस मिनिटं. येताना वेग ४४०, वेळ एकोणसाठ मिनिटं. त्याच वाटेला, त्याच विमानाला बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो.

लोक म्हणतात, जाताना मिळालं, येताना गेलं, फिटंफाट. तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १०४ मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळं १०६ च्या जवळ लागली. कारण साधं आहे: उलट्या वाऱ्यात विमान हळू जातं, म्हणून त्या वाऱ्यात ते जास्त वेळ राहतं. आड वाऱ्यातही थोडं जातं. दिल्लीची वाट दक्षिणोत्तर, आणि हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचीवर पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो. नावाडी समोरचा काठ गाठायला नावेचं नाक प्रवाहाच्या उलट थोडं वळवून धरतो, तसं वैमानिक विमानाचं नाक थोडं पश्चिमेला धरून उत्तरेला जातो. १५० च्या आड वाऱ्यात ८३० चा वेग ८१६ वर येतो.

आपल्या डोक्यावर पावसाळ्यात आणखी एक गंमत असते. खाली दोन-तीन किलोमीटरपर्यंत वारा पश्चिमेचा, आणि दहा-बारा किलोमीटरच्या वर तो चक्क पूर्वेचा! हा वरचा पूर्वेचा झोत आपल्याच देशातले हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये जगासमोर मांडला. तेव्हा श्रावणात उंचावरून पश्चिमेकडं जाणाऱ्या जेटला पाठीवर वारा मिळतो, आणि खाली भात लावणाऱ्या बाईच्या इरल्यावर मात्र पश्चिमेचा पाऊस मारत असतो.

वाऱ्यापायी लांबची वाट जवळची ठरते, याचं मोठं उदाहरण २०१६ मधलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान पूर्वी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई. ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली, पण पाठीवर वारा मिळाल्यानं साडेचौदा तासांत पोचलं, पहिल्या वाटेपेक्षा लवकर.

"पृथ्वी फिरते, मग वर नुसतं थांबलं तर बेंगळूर आपोआप येणार नाही का?"

हा प्रश्न मामांच्या धाकट्या नातीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेळगावची जमीन खरोखरच ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगानं पूर्वेला फिरते आहे. पण हवाही तिच्याबरोबर फिरते. धावत्या एसटीत शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, आपल्याच हातात येतो. विमान उठतं तेव्हा जमिनीचा हा वेग त्याच्या अंगात आधीच असतो.

आकाशातही वाटा, गर्दी आणि कुंपणं आहेत

आकाश सगळं मोकळं आहे असं आपल्याला वाटतं. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनंच सांगितलं होतं, की देशाच्या आकाशापैकी साधारण ६० टक्केच भाग नागरी विमानांना सहज वापरता येतो. बाकीचा संरक्षणदलांसाठी राखीव. सांबऱ्याला हवाईदलाचं प्रशिक्षण केंद्र शेजारीच असल्यानं बेळगावकरांना हे नवं नाही. राखीव भागाला वळसा घालायचा, ठरलेल्या वाटांवरून जायचं, म्हणजे कावळ्याच्या वाटेत काही किलोमीटरची भर पडतेच.

हे कुंपण मोठं झालं की काय होतं, ते एप्रिल २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. पाकिस्ताननं २४ एप्रिलला आपलं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं दक्षिणेकडं वळून अरबी समुद्रावरून जाऊ लागली. बेळगावहून दिल्लीला जाऊन पुढं मुलांकडं परदेशी जाणाऱ्या कितीतरी आई-वडिलांचा प्रवास त्यामुळं लांबला. शहरं जागच्या जागी होती, अंतर वाढलं ते वाटेमुळं.

गर्दीचा अनुभव मी स्वतः घेतलाय. आईला हृदयाच्या तपासणीसाठी मुंबईला नेत होतो. डॉक्टरांची वेळ बाराची. सांबऱ्याहून मुंबई हवाई अंतरानं ४०४ किलोमीटर, विमान वेळेवर निघालं, मी निर्धास्त. मुंबई जवळ आली आणि विमान घिरट्या घालू लागलं. खिडकीतून खाडीचा तोच तुकडा, तीच मिठागरं चौथ्यांदा दिसली, तेव्हा आईनं विचारलं, "अरे, आपण इथं मघाशीच आलो होतो ना?" मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. उतरायला जागा नसली की विमानांना लंबगोल फेऱ्या मारायला सांगतात. एक फेरी साधारण चार मिनिटांची. आमच्या आठ झाल्या. पुढं रस्त्याची कोंडी लागली. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते, दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली आणि आईला एक रात्र परक्या खोलीत काढावी लागली. तिकिटावरची वेळ मी दवाखान्याच्या दारापर्यंतची धरली होती. तिचा तो थकलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

"कंपन्या वेळ मुद्दाम फुगवून लिहितात"

हा आक्षेप अगदीच खोटा नाही. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान वेळेवर आलं असं धरतात. त्यामुळं तिकिटावर थोडी जास्त वेळ लिहिली की वेळेवर पोचल्याचं नाव होतं.

पण दुसरी बाजूही बघा. चंदगडहून येणारी एसटी जर शिनोळ्यालाच अडकली, तर ती बेळगावहून पुढं सुटणार कशी? विमानाचंही तेच. एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या करतं. सकाळी हैदराबादला वीस मिनिटं गेली की संध्याकाळी सांबऱ्यावर थांबलेल्या माणसाची चाळीस जातात. तिकिटावर थोडी सवड ठेवली की हा उशीर मधल्या मध्ये जिरतो. मला विचाराल तर प्रामाणिक सवड ही प्रवाशाच्या सोयीचीच आहे. सांबऱ्याला शेवटचं विमान पकडायचं असेल तर सकाळपासून ते विमान कुठं कुठं फिरून येतंय, हे फोनवर बघून घ्या. उशिराची पहिली खबर तिथंच मिळते.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

मग मी आणि मामांनी कालदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांचा प्रवास मांडला. मुलगा राहतो राजाजीनगरला. पाळण्याची वेळ दुपारी बारा.

मुतगं ते सांबरा पंधरा मिनिटं. सामान द्यायची खिडकी विमान सुटायच्या तासभर आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोचायचं. ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत एक तास वीस. बॅग यायला पंचवीस मिनिटं. देवनहळ्ळीहून राजाजीनगर, सकाळच्या गर्दीत, दीड तास. बेरीज पाच तास. मामांनी ज्या अर्ध्या तासापासून सुरुवात केली होती, तो दहापट झाला!

वंदे भारतला गाडीतलेच साडेआठ तास, घर ते स्टेशन आणि तिकडं पुढं धरून पावणेदहा. पण ती पहाटे सुटून दुपारी दोनच्या आत-बाहेर पोचते, म्हणजे पाळणा हुकला. तिसरी वाट रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसची. संध्याकाळी बसायचं, सकाळी बेंगळूर. तास सगळ्यांत जास्त, पण ते झोपेत जातात.

मामांनी बराच वेळ कागदाकडं पाहिलं. "जाताना रेल्वेनं जातो," ते म्हणाले. "पाळण्याला उशीर झाला तर सूनबाईला वाईट वाटंल. येताना विमानानं येतो. येताना कोण वाट बघतंय, म्हशीच तेवढ्या." जाताना वेळ गाठायची असते, तेव्हा भरवशाची वाट धरायची, येताना उशीर परवडतो, तेव्हा विमानाची हौस करायची. माझ्या डोक्यात हा विचार आला नव्हता.

बारसं झालं. परतीच्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला, आवाजात विमानाची घरघर मिसळलेली. "बाळ, ठोकळा काढला बघ. नऊ वाजून बारा. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं. त्या दिवशी सकाळपासून झिमझिम होती, वारा पश्चिमेचा. परत फोन वाजला तेव्हा दहा वाजून एकतीस झाली होती.

"एकोणीस मिनिटं वर एक तास झाला," मामा म्हणाले. "मारिहाळच्या बाजूनंच आलं, तू म्हणाला होतास तसं. सरळ येऊन टेकलं. पण वरनं आपलं मुतगं कुठलं ते कळलंच न्हाई रं, सगळं हिरवंच दिसालतं."